गाडीत जागा नाही

गेल्या डिसेंबरात माझ्या भाच्याने एक कॅम्पर व्हॅन भाड्याने आणली आणि 'आत्या, आज्जी, चला भंडारदऱ्याला' म्हणत दारात उभी केली. तो पुण्यात इंजिनिअर आहे आणि कुठल्याही हौसेचा आधी अभ्यास करायची त्याला सवय आहे. त्यामुळे निघण्याआधी आठवडाभर माझ्या फोनवर याद्या येत होत्या : घडीचे टेबल, एकात एक बसणारी भांडी, लोहचुंबकाने भिंतीला चिकटणाऱ्या मसाल्याच्या डब्या, दाबली की चपटी होणारी बादली, दाराच्या आतून लटकवायची कप्प्याकप्प्यांची पिशवी. मी इतिहास शिकवते. या याद्यांमध्ये माझे काय काम, हे तेव्हा मला कळले नव्हते.

आईने गाडीभोवती एक फेरी मारली. गादी उचलून खालचे कप्पे पाहिले. मागचे दार उघडल्यावर बाहेर सरकणारा ओटा तिने दोनदा आत-बाहेर करून पाहिला. मग म्हणाली, "समदं हाय. बैलं कुठं बांधायची?"

भाचा खूप हसला. मला मात्र ती चेष्टा वाटली नाही. चाकांवरच्या घरात काय न्यायचे आणि ते कुठे ठेवायचे, या विषयातली आमच्या घरातली जाणकार तीच आहे. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावातून प्रवराकाठच्या साखर कारखान्यांवर तिने आणि अण्णांनी वीसेक हंगाम ऊस तोडला, तोही 'गाडी सेंटर'वर. म्हणजे स्वतःचे बैल, कारखान्याने दिलेली नाहीतर स्वतःची गाडी, आणि त्या गाडीवर पाच-सहा महिन्यांचा संसार.

नगर जिल्ह्याचे (आता कागदोपत्री अहिल्यानगरचे) हे दोन तुकडे पहिल्यापासून एकमेकांना बांधलेले आहेत. उत्तरेला १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले, कालव्यांखाली ऊस वाढला. हरेगावचा बेलापूर कारखाना तर त्याच्याही आधीपासून उभा होत होता. मग १९५०मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रवरेच्या सहकारी कारखान्याची चाके फिरू लागली. दक्षिणेला पाथर्डी, शेवगाव, जामखेड इथे पाऊस बेभरवशाचा. उत्तरेला ऊस तोडायला माणसे हवी होती आणि दक्षिणेला दिवाळीनंतर माणसांना काम नव्हते. मुकादम उचल देई. ती फेडायला नवरा-बायकोची जोडी, जिला हिशेबात 'कोयता' म्हणतात, हंगाम संपेपर्यंत बांधली जाई. 'कोयता' हा शब्द एका अवजाराचा आणि दोन माणसांचा मिळून एकच आहे, हे मला मोठी होईपर्यंत विचित्र वाटले नाही.

गाडी भरणे हे अण्णांचे काम आणि काय भरायचे हे ठरवणे आईचे. भरायला सुरुवात धान्यापासून होई. बाजरीची पोती अगदी खाली, आणि तीही बरोबर आसावर, ना पुढे ना मागे. बैलगाडीला दोनच चाके. वजन मागे गेले की गाडी उलाळ होते, दांड्या वर उचलल्या जातात, जू बैलांचा गळा धरते. वजन पुढे गेले की सगळा दाब मानेवर, आणि दोन दिवसांत खांदा सुजतो. म्हणून पोती मध्ये, पोत्यांच्या पुढे पेंडीचे पोते आणि मागे पत्र्याची पेटी. पेटीत कपडे, औषधाची बाटली, देवाचा टाक आणि उचलीची चिठ्ठी. परातीत भगुली, भगुल्यात तांब्ये, तांब्यात मिठा-मिरचीच्या पुरचुंड्या. एकात एक बसणारी भांडी भाच्याला विकत घ्यावी लागली, आईला नुसती रचावी लागत. या सगळ्यावर वाकळी आणि घोंगड्या, आणि त्यांच्यावर आम्ही पोरे. म्हणजे धान्याचे कोठार आणि निजायची गादी एकच. व्हॅनमध्येही तसेच आहे, गादी उचलली की खाली कप्पे.

गाडीच्या बाहेरची जागा तर आतल्यापेक्षा जास्त कामाची. साटीखाली, दोन चाकांच्या मध्ये, जुन्या पोत्याची झोळी ताणून बांधलेली असे. तिच्यात सरपण, गोवऱ्या आणि वाटेत सापडेल ते. मागे कोंबड्यांचे डालगे टांगलेले. जुन्या लाकडी गाड्यांना वंगणाचे नळकांडे लटके; टायरगाडी आली तसे ते गेले. बाजूला कंदील, आणि तो रिकामा, कारण रॉकेल सांडले तर बाजरी गेली. कोयते गोणपाटात गुंडाळून पोत्यांच्या फटीत खोचलेले, पोरांच्या हाताला लागणार नाहीत असे. शेळी मागे बांधलेली. कुत्रे आपल्या मर्जीने, बहुधा सावलीत, गाडीखालून चालणारे.

पुढे कधीतरी अमेरिकेतल्या गुराख्यांबद्दल वाचताना मी थबकले. १८६६मध्ये चार्ल्स गुडनाइट नावाच्या टेक्सासच्या पशुपालकाने लष्कराची जुनी गाडी घेऊन तिच्या मागच्या बाजूला खणाखणांची एक पेटी बसवली. पेटीचे झाकण बिजागरीवर खाली पडे आणि पाय लावला की त्याचेच टेबल होई. आज कॅम्पर व्हॅनच्या पाठीमागून जो ओटा बाहेर येतो तो त्या पेटीचा वंशज. त्या गाड्यांच्या पोटाखाली बैलाचे कातडे ताणून बांधत आणि त्यात सरपण, वाळलेले शेण टाकत. पोत्याची झोळी आणि कातड्याची झोळी, दोघांचा एकमेकांशी संबंध असण्याचे काही कारण नाही. पण ज्याला रात्री कुठेतरी उतरून चूल पेटवायची आहे त्याला चाकांमधली रिकामी जागा दिसतेच.

आमचा रस्ता तिसगावावरून करंजीच्या घाटाने नगरला जाई. घाटात चढ लागला की अण्णा बैलांपुढे चालत आणि आई मागे दगड घेऊन. गाडी थांबली की चाकाखाली दगड. घाटानंतर लांबून डोंगरावरचा चांदबिबीचा महाल दिसू लागे. (तो महाल नाही आणि चांदबिबीचाही नाही. निजामशाहीतल्या सलाबतखानाची कबर आहे. पण हे मी आईला अजून पटवू शकलेले नाही.) तो दिसला की मुक्काम जवळ आला. मुक्काम भिंगारच्या अलीकडे, रस्त्याकडेच्या माळावर. बैल सोडायचे, गाडीच्या चाकाला बांधायचे, वैरण टाकायची, तीन दगड मांडायचे.

भिंगारला त्या माळावर निजताना आपण कोणाच्या शेजारी निजतो आहोत हे आम्हाला माहीत असणे शक्यच नव्हते. १७०६च्या सुरुवातीला औरंगजेब आपली छावणी घेऊन नगरला परत आला तो शेवटचा. १६८१च्या अखेरीस तो दक्षिणेत उतरला होता आणि पंचवीस वर्षे त्याचा बहुतेक संसार तंबूतच होता. १७०७च्या फेब्रुवारीत इथेच, भिंगारजवळ, तो वारला. दफन खुलदाबादला झाले, पण भिंगारजवळच्या त्या जागेला लोक अजून आलमगीर म्हणतात. जगाच्या इतिहासातल्या सर्वांत अवाढव्य फिरत्या घरांपैकी एकाचे चाक आमच्या मुक्कामाच्या माळाजवळ थांबले.

ते घर हलायचे कसे याचे वर्णन वाचले की मला अण्णांची आठवण येते, आणि हसूही येते. बादशहाकडे तंबूंचे दोन पूर्ण संच असत. एकात तो राहत असताना दुसरा, पेशखाना, एक मजल पुढे जाऊन उभा राहत असे. त्याच्या पणजोबाच्या, अकबराच्या, काळातला आकडा 'आईन-ए-अकबरी'त आहे : एका संचाला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल. शिवाय तंबू उभारणारे हजार फर्राश, शंभर भिस्ती, सुतार, मशालजी, झाडूवाले. गेमेली करेरी नावाच्या इटालियन प्रवाशाने १६९५मध्ये कृष्णाकाठी गलगल्याला औरंगजेबाची छावणी पाहिली, तेव्हा तिचा घेर त्याने तीस मैल सांगितला आणि आत अडीचशे बाजार. त्यातून मराठ्यांच्या हलक्या घोडदळाच्या मागे धावायचे होते. जागेचा प्रश्न औरंगजेबाला कधी पडला नाही, आणि माझ्या मते निम्मे दुखणे तेच होते. ज्याला काहीच मागे ठेवावे लागत नाही त्याला वेगही मिळत नाही.

पण त्याच दरबाराबरोबर फिरलेला एक माणूस असा आहे की ज्याच्याशी आईचे जमले असते. फ्रांस्वा बर्निए, फ्रेंच वैद्य. १६६४च्या डिसेंबरात औरंगजेब दिल्लीहून काश्मीरला निघाला तेव्हा बर्निए आपल्या मालकाबरोबर, दानिशमंदखानाबरोबर, त्या प्रवासात होता. निघताना त्याने एका मित्राला लिहिलेल्या पत्रात स्वतःच्या सामानाची यादी आहे. दोन चांगले घोडे, एक उंट आणि त्याचा माणूस. मध्यम आकाराचा तंबू, एक सतरंजी. चार मजबूत पण हलक्या वेतांची सुटी होणारी खाट. उशी, दोन पांघरुणे, त्यातले एक घडी घालून गादी म्हणून. जेवायला मांडायचे चामड्याचे गोल दस्तरखान. स्वयंपाकाची भांडी तीन लहान पिशव्यांत, त्या तिन्ही एका मोठ्या पिशवीत, आणि ती पिशवी चामड्याच्या वाद्यांनी विणलेल्या भल्या मोठ्या दुहेरी जाळीत. त्याच जाळीत शिधा आणि कपडे. पाच-सहा दिवसांचा तांदूळ, बडीशेपेच्या चवीची बिस्किटे, लिंबे, साखर. आणि शेवटी एक वस्तू, जिच्यासाठी मी हे पत्र वर्गात दरवर्षी वाचून दाखवते : दही टांगून निथळायला एक कापडी पिशवी, तिच्या लहानशा लोखंडी आकड्यासकट.

चक्क्याचा आकडा! साडेतीनशे वर्षांपूर्वी दिल्लीहून काश्मीरला निघालेला फ्रेंच वैद्य चक्का टांगायचा आकडा विसरत नाही. बादशहाच्या पेशखान्यात काय कुठल्या जनावरावर जाई हेही त्याने नोंदवले आहे. मोठे तंबू आणि जाड खांब हत्तींवर, लहान तंबू उंटांवर, सामानसुमान आणि स्वयंपाकाची भांडी खेचरांवर. पण चिनी मातीची भांडी आणि सोनेरी नक्षीचे पलंग मात्र माणसांच्या डोक्यावर. जड ते जनावरावर, जपायचे ते माणसाच्या अंगावर. अण्णाही हाच नियम पाळत. आमच्या गाडीत फुटण्याजोगे काही नव्हते. कंदिलाची काच तेवढी आई काढून पदरात गुंडाळून स्वतःच्या मांडीवर ठेवी.

भिंगार पुढे इंग्रजांचीही छावणी झाले. ऑगस्ट १८०३मध्ये आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला. त्या वर्षीची त्याची पत्रे चाळली तर तोफांइतकीच काळजी बैलांची आढळते. मग लष्कर इथे राहिलेच. स्वातंत्र्यानंतर रणगाड्यांचे केंद्र झाले. लष्करी वस्तू बाजारात उतरायच्या, आणि आमच्या गाडीवरचा पाण्याचा हिरवा पत्र्याचा कॅन अण्णांनी भिंगारच्या बाजारातूनच घेतला होता. त्याला वर तीन मुठी होत्या. तीन कशाला, हे मला फार उशिरा कळले. हा कॅन मुळात जर्मन लष्कराचा, १९३०च्या दशकातला, वीस लिटरचा. कडेच्या मुठी धरून दोन माणसांना एक भरलेला कॅन उचलता येतो, आणि रिकामे असले तर एक माणूस एका हातात दोन धरतो. इंग्रज सैनिक जर्मनांना 'जेरी' म्हणत, म्हणून जेरीकॅन. आई आणि भाऊ नदीवरून तो कडेच्या मुठींनीच धरून आणत. कोणी त्यांना शिकवले नव्हते.

हौसेसाठी चाकांवरचे घर बांधायची कल्पना या सगळ्याच्या मानाने कालची. डॉ. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या आरमारातून निवृत्त झालेल्या वैद्याने १८८५मध्ये इंग्लंडात 'वाँडरर' नावाची घोड्यांची गाडी खास बनवून घेतली आणि तिच्यातून उन्हाळाभर देश पाहिला. त्याचा नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन रस्ता मोकळा आहे का पाही. भाच्याने ज्या घडीच्या खुर्च्या घेतल्या त्यांची आजीही याच काळातली : एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रुडकीला लष्करी इंजिनिअरांनी केलेली, खिळा न वापरता जोडायची, सुटी करून गुंडाळून न्यायची खुर्ची. महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले ते २०२१ साली. त्याच वर्षी ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजनाही जाहीर झाली. ही दोन्ही धोरणे चाकांवरच्या घरांविषयीच होती, हे तेव्हा बहुधा कोणाच्या डोक्यात आले नसेल.

आता वसतिगृहाचा विषय निघालाच आहे, तर ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

पहिले दोन हंगाम मी गाडीतून गेले. कारखान्याच्या तळावर चटया आणि बांबूची कोपी, तिच्यावर पाचट, पहाटे तीन वाजता आईचा रिकामा झालेला अंथरुणाचा भाग, हे सगळे मला आठवते. १९८१च्या दिवाळीनंतर गाडी भरली गेली. मी नेहमीप्रमाणे वाकळींवर चढून बसले, तर अण्णांनी मला उचलून खाली ठेवले. "गाडीत जागा न्हाई." मी गावाकडे आजीपाशी राहायचे. मी सात वर्षांची होते आणि मला मोजता येत होते. भाऊ गाडीत होता, तो माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, म्हणजे जास्त जागा खाणारा. धाकटा आईच्या कडेवर होता. डालग्यात चार कोंबड्या होत्या. शेळीला मागे जागा होती. मला नव्हती. गाडी वेशीपर्यंत जाईस्तोवर मी शेळीला शिव्या दिल्या. पुढे दरवर्षी तेच झाले आणि दरवर्षी मी तेच मोजत राहिले. मी शाळेत गेले, पाथर्डीच्या कॉलेजात गेले, पुण्याला आले. भाऊ चौथीच्या परीक्षेला बसला नाही. ऊस संपून पट्टा पडेपर्यंत शाळा संपत आलेली असे. बैलांना वैरण, धाकट्याला सांभाळणे आणि कोपी राखणे ही कामे त्याची होती, पुढे कोयताही.

तर भंडारदऱ्याला जाताना, संगमनेर सोडून अकोल्याच्या रस्त्याला लागल्यावर, आमच्या व्हॅनपुढे उसाने भरलेल्या बैलगाड्यांची रांग आली. आता ट्रॅक्टर जास्त, तरी गाड्या अजून संपलेल्या नाहीत. भाच्याने हॉर्न वाजवायला हात नेला. आईने तो धरला. आम्ही बराच वेळ त्यांच्या चालीने त्यांच्या मागे चाललो. शेवटच्या गाडीवर, उसाच्या मोळ्यांवर, एक मुलगी बसली होती, आठ-नऊ वर्षांची असेल. ती आमच्याकडे बघत होती.

आई म्हणाली, "तुला व्हती जागा."

मला आधी कळलेच नाही ती कशाबद्दल बोलते आहे.

"गाडीत. व्हती की. तुझ्याएवढं लेकरू कुठंबी बसतंय. मास्तर आलते घरी. म्हनले, पोरगी हुशार हाय, हिला नेऊ नका. तुझ्या बापाला तुला शाळेपायी ठेवतो म्हनायचं नव्हतं. तसं म्हनलं अस्तं तर भावानं इचारलं अस्तं, मग मला का न्हाई ठिवत. म्हनून जागा न्हाई म्हनले."

भाचा गाडी चालवत होता. त्या भावाचाच मुलगा. तो काही बोलला नाही. मीही नाही. चाळीस वर्षे मी जी गोष्ट अन्याय म्हणून मोजत आले तो अन्याय होताच, फक्त माझ्यावर नव्हता. भाऊ आता नाही. तीन वर्षे झाली. त्याने हे कधी ओळखले होते का, ते मी आईला विचारले नाही. मला वाटते तिलाही माहीत नसेल. किंवा माहीत असेल.

रांग एका फाट्याला वळली आणि आम्ही पुढे निघालो.

राजूरच्या पुढे, चढाच्या एका वळणावर, व्हॅनच्या पाठीमागे ठेवलेला पाण्याचा वीस लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन सुटला, घसरत जाऊन मागच्या दारावर आदळला आणि एकात एक बसणारी सगळी भांडी खणखणत सुटी झाली. भाच्याने गाडी कडेला घेतली. आई उतरली, मागचे दार उघडायला लावले, आणि पहिल्यांदा गाडीचा ताबा घेतला. कॅन मधोमध, पलंगाच्या पायापाशी आणवला. "पानी मागं नगं घालू. उलाळ व्हतीया."

"आज्जी, हिला चार चाकं आहेत."

"असूंदे. दोरी कुठाय?"

दोरी त्याच्या कुठल्याच यादीत नव्हती. रबराचे पट्टे होते, ते तिने ओढून पाहिले आणि परत दिले. शेवटी शेंडीच्या दुकानातून पाच मीटर सुताडा घेतला. तिने कॅन पलंगाच्या पायाला अशा गाठीने बांधला की उतरवताना एका टोकाला झटका दिला की सगळी सुटते. भाच्याने ती गाठ तीनदा घालून पाहिली, त्याला जमली नाही. चौथ्यांदा तिने त्याचे हात धरून घालून घेतली, आणि मग तळ्याकाठी पोचेपर्यंत तो कॅन हलला नाही.